गुलाबी गाठ

श्रावणातली सकाळ. पावसानं जरा उघडीप दिली होती, म्हणून मी परसात उकिडवी बसून चवळीची विरळणी करत होते. एक रोप उपटलं, मुळं वर आली आणि खुरपं हातातच राहिलं. सगळ्या मुळांवर गाठी! काही मोहरीएवढ्या, काही ज्वारीच्या दाण्याएवढ्या. पोटात धस्स झालं. गेल्या वर्षी माझी टोमॅटोची झाडं गाठींनीच गेली होती. मुळं सुजून वेडीवाकडी झाली होती आणि वरची पानं भर पावसात मान टाकायची. सूत्रकृमी हा शब्द मी तेव्हाच शिकले. आता ती पीडा चवळीतही शिरली असं वाटून मी फोटो काढला, आत्याला पाठवला आणि लगेच फोन लावला.

आत्या कोरेगाव तालुक्यात राहते. जन्म शेतात गेला तिचा.

"अगं, रोग कसला? एक गाठ चोळून बघ. सुटते का?"

सुटली. बोट फिरवलं तर मण्यासारखी घरंगळली. टोमॅटोच्या गाठी अशा सुटल्या नव्हत्या, तिथं मूळच आतून फुगलं होतं. इथं गाठ मुळाच्या कडेला नुसती चिकटलेली.

"आता नखानं फोड."

फोडली. आत गुलाबी! फिकट नाही, चांगली हिरडीसारखी गुलाबी. मातीतून काढलेल्या, बाहेरून मळकट दिसणाऱ्या दाण्याच्या पोटात हा रंग असेल अशी मला कल्पनाच नव्हती. मी दुसरी फोडली, तिसरी फोडली. सगळ्या गुलाबी.

"मग काम चालू आहे तिचं," आत्या म्हणाली. "पांढरी निघाली तर अजून सुरू झालेलं नाही, हिरवट-काळपट निघाली तर संपलं. आणि उपटलेली रोपं फेकू नकोस बरं का. तिथंच मातीत गाड."

त्या दिवशी स्वयंपाकाला उशीर झाला आणि रात्री झोपेलाही. वाचत सुटले. आपण श्वासात घेतो त्या हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण झाडाला त्यातलं कणभरही घेता येत नाही. नत्राचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की त्यांना सोडवायला कारखान्यात चारशे अंशांहून जास्त उष्णता आणि हवेच्या दाबाच्या दीडशे पटीहून जास्त दाब लागतो. अलिबागजवळ थळला युरिया तयार होतो तो याच वाटेनं, नैसर्गिक वायू वापरून. आणि इथं माझ्या परसात, श्रावणातल्या गारव्यात, चिखलात, ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठीत तेच काम चाललं होतं! ते करतात रायझोबियम गटातले जिवाणू. चवळी त्यांना राहायला जागा देते आणि पानांनी उन्हात केलेली साखर खाली मुळाशी पोचवते. बदल्यात ते हवेतला नत्र झाडाला पचेल अशा रूपात देतात. जर्मनीतल्या हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी हे १८८६ ते १८८८ च्या सुमारास प्रयोगांनी सिद्ध केलं, आणि १८८८ मध्येच हॉलंडमध्ये बायरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा काढून दाखवला.

आणि तो गुलाबी रंग! नत्र फोडणाऱ्या विकराला प्राणवायूचा स्पर्श सोसत नाही, ते निकामी होतं. पण जिवाणूंना जगायला तर प्राणवायू हवाच. म्हणून गाठीत एक द्रव्य असतं, ते प्राणवायू धरून ठेवतं आणि बेताबेतानं सोडतं. त्याचं नाव लेगहिमोग्लोबिन. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं ते भावंडच, रंगही त्यामुळेच. हे वाचून मी माझा तळहात दिव्याखाली धरून बघितला. माझ्या हातात आणि चवळीच्या मुळात एकाच घराण्यातलं द्रव्य प्राणवायू वाहतंय!

आमचं परस म्हणजे साताऱ्यातल्या घरामागची बारा फूट बाय पंधरा फुटांची जागा. आजवर मी तिथं शिस्तीनं वाफे करत आले. एका वाफ्यात वांगी, एकात मेथी, एकात भेंडी. यंदा एका मैत्रिणीनं सांगितलं, मका, घेवडा आणि लाल भोपळा एकाच आळ्यात लाव. उत्तर अमेरिकेतले हॉडेनोशॉनी लोक, ज्यांना इरोक्वॉय असंही म्हणतात, शेकडो वर्षं ही तीन पिकं एकत्र लावत आले आणि त्यांना तीन बहिणी म्हणतात. मका उभा राहून घेवड्याला आधार देतो, घेवडा माती सुधारतो, भोपळा पानं पसरून जमीन झाकतो. मला ती गोष्ट म्हणून गोड वाटली आणि लावून बघावं म्हटलं, इतकंच. गाठ फोडेपर्यंत यात किती काय भरलंय याचा पत्ता नव्हता.

पहिल्या दोन आळ्यांत मी तिन्ही बिया मृगाच्या पावसावर एकाच दिवशी टोकल्या आणि ते चुकलं. घेवडा चार-पाच दिवसांत वर आला आणि पंधरवड्यात मक्याच्या कोवळ्या धाटाला विळखा घालून त्याला घेऊन आडवा झाला. मग तिसऱ्या आळ्यात क्रम पाळला. आधी नुसता मका, एका उंचवट्यावर चार-पाच दाणे. तो वीतभर झाला, त्याला माती लावली, मग भोवती वेलीच्या घेवड्याचे चार दाणे. आणखी आठवड्यानं कडेला भोपळ्याच्या दोन बिया. ते आळं असं जमून आलं की येणारी-जाणारी माणसं थांबून बघायची. एक मात्र बघून घ्यायला हवं, घेवडा वेलीचाच हवा. आमच्या कोरेगावचा प्रसिद्ध वाघ्या घेवडा, ज्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, तो बुटका झुडपी असतो. तो मक्यावर चढणार नाही.

आणि चढणं! त्याबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढं जाताच येणार नाही.

एका रविवारी माझ्या लेकीला दिसलं की घेवड्याचा मोकळा शेंडा सकाळी भिंतीकडे होता आणि चहा होईपर्यंत मक्याकडे वळला. वारा नव्हता. आम्ही दोघी पाट घेऊन बसलो. शेंड्याच्या खाली जमिनीवर गोल खडे मांडले, घड्याळातल्या आकड्यांसारखे बारा, आणि शेंडा ज्या खड्यावर येईल तिथं वेळ लिहीत गेलो. तो फिरत होता! डोळ्यांनी थेट दिसत नव्हतं, पण दहा मिनिटांनी बघावं तर पुढच्या खड्यावर. पूर्ण फेरीला दोन तासांहून थोडा कमी वेळ लागला. नंतर कळलं की चार्ल्स डार्विननं वेलींच्या हालचालींवर सविस्तर लिहून ठेवलंय, १८६५ साली, आणि त्यानंही घेवड्याची फेरी साधारण दोन तासांची मोजली होती. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी कुणी तिकडं इंग्लंडमध्ये घड्याळ घेऊन वेलीपाशी बसलं होतं आणि आज आम्ही मायलेकी साताऱ्यात पाटावर बसून तेवढाच आकडा लिहीत होतो. माझ्या अंगावर काटा आला.

शेंडा असा हवेत गोल फिरून आधार चाचपत असतो. मक्याचं धाट लागलं की बाहेरची बाजू जास्त वाढते आणि विळखा बसतो. तो विळखा नेहमी एकाच दिशेनं. वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट. आपण देवाला प्रदक्षिणा घालतो त्याच्या बरोबर उलटी फेरी. लेकीनं एक वेल हळूच सोडवून दुसऱ्या दिशेनं गुंडाळली. दुसऱ्या दिवशी सकाळी वेलीनं ते वेढे सैल करून आपल्या बाजूनं नवा वेढा घातला होता. परसातल्या सगळ्या वेली तपासल्या, मक्यावरच्या, काठीवरच्या, सुतळीवरच्या. एकही चुकली नव्हती.

आता घेवड्याची मुळं बघायची घाई झाली. चवळीत एवढं वैभव, तर घेवड्यात किती असेल! एक वेल मुळासकट काढली, बादलीत धुतली. चार-दोन गाठी, त्याही बारीक आणि आतून पांढुरक्या. मला फार वाईट वाटलं. तीन बहिणींतली हीच तर माती सुधारणारी म्हणतात! पण मग कारण सापडलं आणि ते गाठीइतकंच नवलाचं होतं. हे जिवाणू सरसकट कुठल्याही शेंगेच्या मुळात शिरत नाहीत. मूळ मातीत एक खूण सोडतं, ती ओळखणारा जिवाणूच आत येतो. चवळीला चालणारे जिवाणू मूग, उडीद, तूर, भुईमूग यांनाही चालतात आणि आपल्या मातीत ते सर्रास असतात. हा घेवडा मात्र, म्हणजे राजम्याच्या जातीचा, मूळचा अमेरिकेचा. त्याचे जिवाणू वेगळे. शिवाय कडधान्यांत तो नत्र बांधण्यात मागेच आहे, म्हणून शेतकरी राजम्याला नत्राचं खतही देतात. पाहुणा शेकडो वर्षांपूर्वी इकडं आला, पण माझ्या परसात त्याचे सोबती नव्हते.

दुसऱ्या दिवशी कृषी सेवा केंद्रात गेले आणि घेवड्यासाठीचं रायझोबियम मागितलं. चवळीचं चालणार नाही, पिकाप्रमाणे गट बघून घ्यायचं, हे आता पक्कं ठाऊक होतं. पाकीट २५० ग्रॅमचं, ते दहा किलो बियाण्याला पुरतं आणि माझ्याकडे बी होतं मूठभर! गुळाचं पाणी उकळून गार केलं, त्यात बी ओलसर केलं, काळी भुकटी चोळली, सावलीत सुकवलं आणि लगेच टोकलं. उन्हात सुकवलं तर जिवाणू मरतात. महिन्याभरानं त्यातली एक वेल काढली. गाठी होत्या. चवळीइतक्या नाहीत, पण होत्या, आणि नखानं फोडल्यावर गुलाबी होत्या. लेकीला शाळेतून आल्या आल्या दप्तरासकट परसात नेलं.

आत्याला फोनवर हे सगळं सांगताना मी एक गोष्ट मोठ्या हौसेनं म्हणाले. म्हटलं, "आत्या, घेवडा शेजारच्या मक्याला नत्र देतो." ती म्हणाली, "आत्ता नाही गं देत. आत्ता स्वतःच खाते ती वेल. मागं ठेवते ते देते. बेवड म्हणतात त्याला."

बेवड! हा शब्द मी लहानपणी शंभरदा ऐकलाय. हरभऱ्याचा बेवड चांगला, या रानाला भुईमुगाचा बेवड आहे, असं आजोबा बोलायचे आणि मला वाटायचं हे काहीतरी जमिनीच्या व्यवहारातलं असेल. आधीच्या पिकानं पुढच्या पिकासाठी जमिनीत मागं ठेवलेला गुण म्हणजे बेवड. एवढ्या मोठ्या गोष्टीला माझ्या घरात तीन अक्षरी शब्द होता! आणि आत्याचं म्हणणं बरोबर आहे. वेल जिवंत असताना शेजाऱ्याच्या वाट्याला फार थोडं येतं. खरं देणं होतं ते पानं गळून, मुळं आणि गाठी मातीत कुजून. म्हणूनच शेंगा संपल्या की वेल उपटायची नाही, जमिनीलगत कापायची. मुळं तिथंच राहू द्यायची. मी आजवर प्रत्येक हंगामाअखेर वाफा साफ करायचा म्हणून सगळं मुळासकट उपटून कचऱ्यात दिलं. आणि युरिया? तो शेंगेच्या वेलीला भरपूर टाकला तर ती गाठीच कमी धरते, कारण नत्र आयता मिळत असताना जिवाणूंना साखर कशाला द्यायची.

भाद्रपदात आत्या राहायला आली तेव्हा चवळीवर मावा पडला होता. कोवळ्या शेंड्यांवर, शेंगांच्या देठांवर काळा मावा थापल्यासारखा. मी निंबोळी अर्काची बाटली हातात घेतली आणि आत्यानं माझं मनगट धरलं. "चार दिवस थांब."

थांबले. दुसऱ्या दिवशी पानामागे पिवळ्या अंड्यांचा पुंजका, उभी लावलेली तांदळाच्या कणीएवढी अंडी. आठवड्यात त्यातून अळ्या निघून हिंडायला लागल्या, काळसर, अंगावर नारिंगी ठिपके, सुसरीच्या पिल्लासारख्या. मी त्यांना कीड समजून चिरडलं असतं! त्या होत्या ढालकिड्याच्या अळ्या. ढालकिडा म्हणजे लाल पाठीवर काळे ठिपके असलेला तो गोल किडा, लेडी बर्ड म्हणतात तो. भिंग लावून आम्ही बघत बसलो. एक अळी माव्याचा किडा पकडायची, चोखून टाकायची, पुढच्याकडे जायची. शेंडे साफ व्हायला लागले.

यातली खरी गंमत शेजारच्या भेंडीवर होती. चवळीवरचा हा काळा मावा मुख्यतः शेंगवर्गीय झाडांवर जगतो, भेंडीवर येतो तो मावा वेगळा. म्हणजे चवळीवरची कीड भेंडीवर गेली नाही, पण चवळीवर वाढलेले ढालकिडे मात्र गेले. आपल्याकडे कपाशीच्या भोवती चवळीची ओळ लावायची शिफारस करतात ती याच हिशेबानं. चवळी ही त्या किड्यांची खानावळ! शिवाय चवळीच्या फुलांच्या दांड्यावर, फुलाच्या बाहेर, मधाच्या बारीक ग्रंथी असतात. तिथं मुंग्या आणि गांधीलमाश्या सारख्या येऊन चाटत असतात. गांधीलमाश्या किडींच्या अळ्या उचलून नेतात. मुंग्या मात्र मधाबरोबर माव्याचा चिकटाही चाटतात आणि त्याची राखण करतात, तेव्हा त्यांच्या दाट रांगा दिसल्या की देठाला पाण्याची धार मारून मोडायच्या. हे आत्यानं शिकवलं.

भोपळ्याबद्दल थोडक्यात सांगते. त्याची पानं पसरली आणि त्या आळ्यात मला तण काढावंच लागलं नाही. पावसाचा थेंब थेट मातीवर पडेना, त्यामुळे मक्याच्या खालच्या पानांवर चिखल उडेना. उघडीप आठ दिवस लांबली तेव्हा बाकीचे वाफे भेगाळले आणि भोपळ्याखाली बोट घातलं तर गार ओल. बस, एवढंच, पण एवढं पुष्कळ आहे.

आत्याला मी तीन बहिणींची गोष्ट मोठ्या उत्साहात सांगितली, मेक्सिकोत अशा मिश्र शेताला मिल्पा म्हणतात तेही सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि बोटं मोजायला लागली. ज्वारीत तूर. बाजरीत मटकी, हुलगा. ज्वारीच्या धाटावर पावट्याचा वेल. कडेनं अंबाडी. हे सगळं तिच्या सासरच्या रानात ती नवी नवरी होती तेव्हापासून होतं. गढवालात एकाच शेतात बारा धान्यं पेरतात, बारानाजा म्हणतात त्याला, आणि तिथंही राजम्याची वेल राजगिऱ्याच्या ताटावर चढते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना २०२० साली पद्मश्री मिळाली, त्यांनी वाल-घेवड्याचे कितीतरी गावठी वाण जपलेत आणि परसबागेतच ते लावायला बायकांना शिकवलंय. हे सगळं माझ्याच मुलखात चालू होतं आणि मला ते दूरच्या तीन बहिणींनी येऊन दाखवलं, याचं मला आता फार अप्रूप वाटतं. त्या तिघी तशाही पाहुण्या नाहीत. मका, हा घेवडा आणि लाल भोपळा, तिन्ही कोलंबसानंतर अमेरिकेतून आले आणि आज साताऱ्याच्या बाजारात त्यांच्याशिवाय पान हलत नाही.

गौरी जेवल्या त्यानंतरच्या आठवड्यात पहिली कणसं काढली. थोडा मका वाळवून दळला, भाकरी केली, घेवड्याची भाजी, भोपळ्याची भाजी. एका आळ्यातलं ताट! मक्याच्या प्रथिनांत लायसीन कमी असतं आणि ते घेवड्यात भरपूर. घेवड्यात मेथिओनिन कमी, ते मक्यात बरं. जमिनीवर जे एकमेकांना धरून वाढले ते पोटातही एकमेकांचं उणं भरून काढतात. ज्वारीची भाकरी आणि पावट्याची उसळ हा आमचा नेहमीचा बेत, त्यातही हेच चाललेलं असतं. मी इतकी वर्षं ते जेवले आणि आत्या ते रोज रांधत आली. त्या दिवशी तिला वाढताना माझे डोळे भरून आले. तिनं विचारलं, "तिखट झालं का?"

एक गोष्ट राहिली. आषाढात आत्यानं फडक्याच्या पुरचुंडीत, राखेत घोळलेले पावट्याचे दहा-बारा दाणे पाठवले होते. "मक्याच्या कडेला टोक आणि विसरून जा." मी टोकले, पण विसरता येईना. घेवडा फुलला, चवळी फुलली, पावटा नुसता पानं काढत बसला. पावसाळाभर एक कळी नाही. मका काढला तेव्हा आत्या म्हणाली, धाटं कापू नकोस. म्हणून वाळकी धाटं तशीच उभी ठेवली आणि पावटा त्यांच्यावर चढत राहिला. घटस्थापना झाली, दसरा झाला, अजून फूल नाही. आत्याला विचारलं तर म्हणाली, रात्र मोठी होऊ दे. मला ती म्हण वाटली. ते अक्षरशः खरं आहे. गावठी पावटा रात्रीची लांबी ओळखतो, दिवस लहान झाल्याशिवाय तो कळी धरतच नाही.

भाऊबीजेच्या पहाटे दिवा घेऊन मागचं दार उघडलं. मक्याच्या वाळक्या धाटावर, माझ्या डोक्याच्या वर, एक दांडी सरळ उभी होती आणि तिच्यावर खालून वर कळ्यांची जांभळी ओळ. सर्वांत खालची उमलली होती. लेकीला उठवलं. तिनं आधी वेलीचा वेढा बघितला, कुठल्या बाजूनं आहे ते, आणि मग म्हणाली, "आई, हिच्या मुळाशी बघूया?"

म्हटलं, नको. हिला असू दे. शेजारी एक चवळीचा बुंधा कापून ठेवलाय, तो बघू.